हे खरं कशावरनं?

आमचं कळंबा कोल्हापूरला इतकं लगत आहे, की आता शहर कुठं संपतं आणि गाव कुठं लागतं ते नवख्याला कळत नाही. माझ्या लहानपणी मध्ये ऊस उभा असायचा. सकाळी सायकलीला किटल्या अडकवून माणसं शहरात दुधाचा रतीब घालायला जात आणि येताना एखादं वर्तमानपत्र आणत. तो एक अंक दिवसभर दहा हातांतून फिरे. ज्याला वाचता येई तो मोठ्यानं वाचे, बाकीचे ऐकत. मध्येच कुणीतरी म्हणे, “थांब जरा. हे खरं कशावरनं?” मग वाचणारा तीच ओळ पुन्हा वाची.

हा प्रश्न घराघरांतून नाहीसा होत चाललाय, म्हणून आज लिहायला बसले.

१९६३ साली सांगलीला आकाशवाणीचं केंद्र सुरू झालं आणि आमच्या भागात रेडिओ घरचा झाला. आमच्या गुऱ्हाळात खांबाला ट्रान्झिस्टर टांगलेला असे. बाजारभाव सांगायला लागले की चुलवणात चिपाडं सारणारा गडीसुद्धा हात थांबवी. गुळव्या मोठा पक्का माणूस. तो म्हणायचा, “रेडिओचा भाव खराच हाय. पर आपला गूळ कुठल्या प्रतीचा त्यो बघून बोला.” चार बुकं न शिकलेल्या त्या माणसाला एक गोष्ट उमगली होती. बाहेरून आलेली माहिती आपल्या काहिलीतल्या गुळाला लावून बघावी लागते.

ही नुसती गुळव्याची शहाणीव नव्हे. तिची रीतसर परीक्षा आपल्याच महाराष्ट्रात झालेली आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांत एक प्रयोग केला. सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतेमंडळं स्थापन केली. मंडळानं ठरल्या वेळी एकत्र बसायचं, शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, लगेच त्यावर चर्चा करायची आणि आपल्या शंका केंद्राला कळवायच्या. असे वीस कार्यक्रम झाले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं पुढं पाहणी केली. काही गावांत मंडळ होतं, काही गावांत नुसता रेडिओ होता, तर काही गावांत रेडिओही नव्हता. मंडळाच्या गावांत लोकांचं ज्ञान चांगलंच वाढलेलं दिसलं. बाकीच्या गावांत फारसा फरक पडला नव्हता. म्हणजे रेडिओ असूनही उपयोग बेताचाच! माणसं चारचौघांत बसून बोलली, तिथं कामाचं काही पदरात पडलं.

आता जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. त्या कट्ट्यावर बायकांना जागा नव्हती. माझी आई दाराआड भाकरी थापत ऐकायची आणि तिच्या मनात शंका आली तर ती तिथंच विझायची. आज माझ्या सुनेच्या हातात फोन आहे. ती पावसाचा अंदाज बघते, भाजीचा दर बघते, पिकावरच्या किडीचा फोटो काढून कृषी सहायकाला विचारते. हे मोठं काम झालं. १९२० साली डॉक्टर आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढलं, तेव्हा आपल्या शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांची मदत केली होती. ज्यांना बोलायला जागा नाही त्यांच्या हाती साधन आलं पाहिजे, हे त्या राजाला कळलं होतं. तसं साधन आज चुलीपाशी आलंय. ते परत घ्या, असं कोण म्हणेल?

पण या साधनाची एक खोड आहे. ते प्रत्येकाला एकेकट्याला गाठतं. घरात पाच माणसं असतात, पाचांच्या हातात पाच फोन आणि पाच निराळ्या बातम्या. कुणी कुणाला विचारत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. चिखलीची माझी मावसबहीण पोराबाळांसह आमच्याकडं आली होती. एका रात्री घरातल्या तीन फोनांवर एकदमच निरोप आला : “राधानगरी फुटलं!” बहिणीनं तर डोक्याला हात लावला. तिचा थोरला मुलगा गुरांसाठी तिकडंच माळावर थांबला होता. पोरगी रडायला लागली, धाकटा मोटारसायकलची किल्ली शोधायला लागला. त्या काळोखात, त्या पाण्याकडं!

माझ्या जाऊबाईंनी किल्ली पदराला बांधली आणि म्हणाल्या, “आधी सांगा, हे म्हणतंय कोण?” निरोपाखाली नाव नव्हतं, तारीख नव्हती. मग ओळखीच्या तलाठ्यांना फोन लावला. ते म्हणाले, “फुटलंबिटलं काही नाही. स्वयंचलित दरवाजे उघडलेत.” राधानगरीला असे सात दरवाजे आहेत. तलाव भरला की ते पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. धरण सुरक्षित राहावं म्हणूनच ते बसवलेत. “दरवाजे उघडले” एवढी खरी बातमी दहा फोनांतून फिरता फिरता “धरण फुटलं” अशी झाली होती. जाऊबाईंनी किल्ली सकाळपर्यंत सोडली नाही. पोरगा सुखरूप होता.

आमच्याकडं विचारणारं माणूस होतं, म्हणून निभावलं. सगळीकडं तसं होत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, सोलापूरकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे निरोप त्या दिवसांत फोनवरून पसरले होते. बाजारच्या दिवशी जमावानं त्या पाच निरपराध माणसांना मारून टाकलं. त्या महिन्यातच व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणांपलीकडं पुढं ढकलता येणार नाही अशी मर्यादा घातली. मर्यादा चांगलीच. पण खोटं पसरायला पाच ठिकाणंही पुष्कळ होतात.

म्हणून मैत्रिणींनो, एक सुचवते. आम्ही आमच्या गल्लीत करून पाहिलंय. बचतगटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की अर्धा तास फोनवरच्या बातम्यांना द्यायचा. ज्या निरोपानं जीव घाबरला किंवा कुणाचा राग आला, तो मोठ्यानं वाचायचा. मग विचारायचं : हे कोण म्हणतंय? कधीचं आहे? आणि आपण ते खरं मानून पुढं धाडलं तर कुणाचा फायदा, कुणाचं नुकसान? उत्तर मिळालं नाही तर तलाठी, ग्रामसेवक, शाळेचे गुरुजी, दवाखान्यातल्या ताई यांपैकी ज्याचं ते काम, त्याला विचारायचं. तोवर निरोप आपल्यापाशीच थांबवायचा.

पहिल्या बैठकीला आम्ही सहाजणी होतो. गेल्या महिन्यात अठरा झालो. मागच्या वेळी एका निरोपावर सगळ्यांत आधी बोलली ती आमच्यातली एक आजी. तिला वाचता येत नाही. नातीनं वाचून दाखवलं, आजीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाई, हे खरं कशावरनं?”