लुगड्यांचे पुस्तक मांडताना

शाळेच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघालेले लुगड्यांचे मोठे पुस्तक बहुतेक पालकांनी पाहिले आहे. "फोटोच तर लावायचे होते, दीड वर्ष कसं लागलं?" असे आम्हाला हसत हसत विचारले जाते. "ते एक पान कशाला घातलंत?" हा दुसरा प्रश्न मात्र कोणी हसत विचारत नाही. वार्तापत्राने जागा दिली आहे, तेव्हा दोन्हींचे उत्तर लिहितो. आम्ही म्हणजे चौघे : चित्रकलेचे सर, दोन पालक मैत्रिणी आणि छापखान्यात पानांच्या मांडणीचे काम करणारा एक माजी विद्यार्थी.

इंदूरच्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ट्रंकांमध्ये पडून असलेली लुगडी बाहेर काढावीत, त्यांचे फोटो घ्यावेत आणि दिवाणखान्यात टीपॉयवर ठेवता येईल असे देखणे पुस्तक करावे, एवढीच मूळ कल्पना होती. अशा पुस्तकाला 'कॉफी टेबल बुक' म्हणतात. आमच्या घरांत त्या टेबलावर पोहे आणि जिलबीच असते, ते सोडा.

इंदूर आणि फॅशन हे शब्द एकत्र आले की जाणकार महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) आणि महाराणी संयोगिताबाई यांचे नाव घेतात. ते योग्यच आहे. मॅन रे या नामवंत छायाचित्रकाराने त्या दोघांचे फोटो काढले. बुते द मोनव्हेल या फ्रेंच चित्रकाराने 1929 साली महाराजांना पाश्चात्त्य पोशाखात रंगवले आणि काही वर्षांनी पांढऱ्या मराठा पोशाखात, पांढऱ्या गादीवर बसलेले रंगवले. पहिल्याच बैठकीत सूचना आली, की पुस्तक या चित्रांनी सुरू करावे. आम्ही नको म्हटले. एक तर अशी चित्रे छापायला त्यांच्या मालकांची परवानगी लागते. दुसरे म्हणजे त्या चित्रांनी सुरू झालेले पुस्तक शेवटपर्यंत राजवाड्याचेच राहिले असते, आणि पुढच्या पानांवरच्या तुमच्या पणज्या पाहुण्यांसारख्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या असत्या.

मुलांनो, आता थोडे गणित. नऊवारी लुगडे म्हणजे नऊ वार, सव्वाआठ मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आत-बाहेर रुंद. आमच्या पुस्तकाचे पान साडेआठ इंच रुंद आणि साडेअकरा इंच उंच आहे. पुस्तक उघडल्यावर समोर येणाऱ्या दोन पानांची रुंदी मिळून 17 इंच. त्यावर संपूर्ण लुगडे आडवे दाखवायचे म्हटले, तर ते जेमतेम अडीच इंच उंचीच्या पट्टीसारखे दिसते आणि काठ तर दोऱ्याएवढा! वर बांधणीची मधली घडी पट्टीच्या बरोबर मधोमध येते. म्हणून लुगडे अखंड दाखवण्याचा हट्ट आम्ही सोडला आणि काठ खऱ्या मापात छापायचे ठरवले. पुस्तकातला काठ चार बोटांचा असेल, तर ट्रंकेतलाही चार बोटांचाच आहे. पानावर हात ठेवून पाहा.

महेश्वरीसाठी सरांना एक युक्ती सुचली. महेश्वर आपल्यापासून नव्वदेक किलोमीटरवर आहे. अहिल्याबाईंनी आपल्या कारकिर्दीत (1767 ते 1795) तिथे विणकर वसवले, हे तुम्ही इतिहासात शिकला आहातच. तिथल्या काठांवर विटा, चटई, हिरा, लाटा अशी नक्षी असते, आणि काठ दोन्ही बाजूंनी नेसता येईल असा विणलेला असतो. ते शब्दांत सांगण्याऐवजी आम्ही एकाच कागदाच्या पुढच्या बाजूला काठाची सुलट बाजू आणि मागच्या बाजूला उलट बाजू छापली. दोन्ही नेमक्या एकाच जागी आहेत. पान उजेडाकडे धरून बघा. छापखान्यात ही जुळणी साधायला अख्खी सकाळ गेली.

काष्ट्याची गंमत वेगळी. आम्ही आधी काढलेले फोटो फॅशनच्या मासिकात असतात तसे होते : समोरून, चेहरा किंचित वळलेला, पदर खांद्यावरून सुटलेला. ते पाहून सत्त्याऐंशी वर्षांच्या एक आजी म्हणाल्या, "अगं बाळांनो, काष्टा मागं असतो. पुढून काय फोटो काढता?" मग त्यांनीच नेसून दाखवले : कमरेची गाठ, निऱ्या, ओचा, मागे खोचलेला कासोटा आणि शेवटी पदर. प्रत्येक टप्प्यावर त्या थांबल्या. चौदा फोटो निघाले, त्यांतले नऊ पाठमोरे. ते एकमेकांशेजारी दोन पानांवर मांडले आहेत, आणि त्यांतला एकही मधल्या घडीत सापडू नये म्हणून घडीच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा कोरी सोडली आहे. चेहरा एकाही फोटोत नाही, ही आजींचीच अट होती. घरच्यांना ती आवडली नाही. आम्ही आजींचे ऐकले.

रंगांच्या नावांसाठीही आज्यांकडेच जावे लागले. छापखान्याला सगळे रंग चार शायांच्या टक्केवारीत कळतात. डाळिंबी, आमसुली, अंजिरी, मोतिया या नावांसाठी आम्ही एका दुपारी सहा आज्यांसमोर लुगडी पसरली. अंजिरी आणि आमसुली यांवरून जो वाद झाला तो पुस्तकात घेता आला नाही, याचे दुःख आहे. राणी रंग तर त्या चार शायांत नीट उतरतच नाही, थोडा मलूल होतो. जरीसाठी पाचवी सोनेरी शाई घ्या, असा सल्ला मिळाला होता. नमुना काढून पाहिला, तर तो लग्नपत्रिकेसारखा दिसला. मग खिडकीतून तिरपा उजेड येईल अशा ठिकाणी फोटो पुन्हा काढले, म्हणजे जर आपोआप चमकली.

पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी बनते. 25 बाय 36 इंचाच्या मोठ्या कागदावर एका बाजूला आठ पाने बसतात आणि पाठपोट मिळून सोळा. आमचे फर्मे सात, म्हणजे पाने 112. देणगीदारांच्या फोटोंसाठी 'फक्त दोन पाने वाढवा' अशी विनंती आली, तेव्हा दोन वाढत नाहीत, सोळा वाढतात, हे खर्चासह समजावून सांगितले. सर्वांची नावे शेवटच्या पानावर आदराने छापली आहेत. आलेक्सी ब्रोडोविच हे 1934 ते 1958 पर्यंत 'हार्पर्स बझार' या फॅशन मासिकाचे कलासंपादक होते. ते अंकाची सगळी पाने जमिनीवर पसरून क्रम ठरवत, असे सरांनी आम्हाला सांगितले होते. आम्हीही मे महिन्यात चित्रकलेच्या वर्गातली बाके बाहेर काढून 112 पाने फरशीवर मांडली. पंखा मात्र बंद ठेवावा लागला.

त्या फरशीवरच ते पान पहिल्यांदा सगळ्यांच्या नजरेत आले.

एका घरातून आलेल्या ट्रंकेत वर 1919 सालच्या लग्नातला शालू होता. तळाशी जुन्या पंच्यात गुंडाळलेले तांबडट, मातकट रंगाचे एक वस्त्र होते, ना काठ, ना पदर. ते आलवण होते. मुलांना हा शब्द माहीत नसेल. पूर्वी काही जातींत पती वारला की बायकोचे केशवपन करत आणि पुढे आयुष्यभर तिने हेच नेसायचे असे. महर्षी कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी 1896 साली काम उभे केले. त्यानंतर तीस वर्षांनी, 1926 साली, इथे इंदुरात या बाईंच्या वाट्याला ते आलेच. तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. शालू त्यांचाच, आलवणही त्यांचेच.

विश्वस्त मंडळातले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "अमृतमहोत्सवाचं पुस्तक आहे, मंगल प्रसंग आहे. हे नको." त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी असे वस्त्र नेसलेली आत्या पाहिली होती, हे त्यांनी नंतर सांगितले. आम्हा चौघांतही एकमत नव्हते. नटण्याच्या पुस्तकात हे दाखवणे म्हणजे त्या बाईंच्या दुःखाचे प्रदर्शन, असे आमच्यातल्या एकीला वाटत होते. शेवटी ज्यांची ट्रंक होती त्या काकूंकडे, म्हणजे त्या बाईंच्या नातसुनेकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "शालू घेता आणि आलवण परत करता, तर मग ट्रंकच परत द्या. ती त्यांची होती, तुकड्यातुकड्यानं नाही द्यायची मला."

घ्यायचे ठरले. पण कसे मांडायचे? आधी दोन्ही वस्त्रे समोरासमोरच्या पानांवर ठेवून पाहिली : डावीकडे शालू, उजवीकडे आलवण. परिणाम जबरदस्त झाला आणि तेच खटकले. पाहणाऱ्याला एका क्षणात सगळे कळत होते, भिंतीवरच्या जाहिरातीसारखे, आणि तो पुढे जात होता. बाई कुठेच उरत नव्हती. माजी विद्यार्थ्याने ती पाने उचलून दुसरीकडे ठेवली. आता 71व्या पानावर शालू आहे आणि 72व्यावर, म्हणजे त्याच कागदाच्या पाठीवर, आलवण. दोन्हींची घडी तीच, माप तेच. 73वे पान कोरे आहे, तळाशी फक्त तीन ओळी : लग्नाचे साल, वैधव्याचे साल आणि 1971, ज्या साली त्या गेल्या. शालू बघून पान उलटल्याशिवाय आलवण दिसत नाही.

छपाईच्या दिवशी आम्ही वस्त्र सोबत नेले होते. मशीनवरच्या भैयांनी रंग फिका वाटतो म्हणून लाल वाढवला होता आणि ताव खरोखर छान दिसत होता. आम्ही आलवण खिडकीशी धरले. त्यांनी विचारले, "ये किसकी साड़ी है?" सांगितले. काही न बोलता त्यांनी लाल कमी केला, ताव काढला, वस्त्राशेजारी धरला, पुन्हा कमी केला. चौथा ताव जुळला.

पुस्तकाची एक प्रत ग्रंथालयात आहे, हात धुऊन कोणीही पाहावी. लुगडी ज्यांची त्यांना परत पोचली. आलवण परत द्यायला गेलो, तेव्हा काकूंनी शालू घेतला आणि ते मात्र घेतले नाही, शाळेने ठेवावे म्हणाल्या. सध्या ते चित्रकलेच्या वर्गातल्या कपाटात, धुतलेल्या मलमलीत गुंडाळलेले आहे. ते कुठे आणि कसे ठेवायचे, हा विषय विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीत आहे.