हंडी विलायती, घाट आपला

जुन्या वाड्यात छताला काचेची हंडी दिसली की दोन शेरे ठरलेले असतात. एक, ‘बेल्जियमची आहे’. दुसरा, ‘साहेबाची नक्कल’. काचेचा अभ्यासक म्हणून मला दोन्ही घाईचे वाटतात. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमहून आलेली बिलोरी काच घडवण्यात इथल्या गिऱ्हाइकाचा, इथल्या वाऱ्याचा आणि इथल्या भांड्यांच्या घाटाचा मोठा हात होता, असे माझे म्हणणे आहे.

आधी इंग्लंडची बाजू पाहू. 1615 मध्ये काचेच्या भट्ट्यांना लाकूड जाळायची बंदी झाली आणि कारागीर दगडी कोळशाकडे वळले. 1674 मध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टला नव्या काचेचे पेटंट मिळाले. पुढे तिच्यात शिसे मिसळून ती स्थिरावली. शिशाची काच हातात जड लागते, सहाणेवर मऊ लागते आणि उजेड फोडून रंग दाखवते. कापकामाला याहून सोयीची काच नाही. पण 1745 मध्ये वजनावर कर बसला आणि जाड काच महाग झाली. 1780 नंतर आयर्लंडला व्यापाराची मोकळीक मिळताच जड, खोल कापाची काच वॉटरफर्डसारख्या गावी बहरली. कर उठला 1845 मध्ये. नंतर सहाच वर्षांनी लंडनच्या प्रदर्शनात बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीने 27 फूट उंच, सुमारे चार टनांचे काचेचे कारंजे उभे केले.

याच ऑस्लरची पेढी 1840च्या दशकापासून कलकत्त्यात होती. आपल्याकडे पंख्याच्या आणि खिडकीच्या वाऱ्यात उघडी मेणबत्ती टिकत नाही, म्हणून इथल्या झुंबरांच्या प्रत्येक फांदीवर काचेचा घुमट चढला. टांगत्या दिव्याला पोटफुगी हंडी आली आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी शब्दही आपलाच उचलून तिला ‘हंडी’च म्हटले. उदयपूरच्या महाराणा सज्जनसिंहांनी 1877 मध्ये ऑस्लरकडे काचेच्या खुर्च्या, टेबले, पलंग मागवले; ही मागणी दरबाराची होती. सर्वांत बोलका पुरावा हुक्क्याच्या पाण्याच्या भांड्याचा. आपल्या छत्रपती संभाजीनगरात आजही बिदरीकाम होते. जस्त-तांब्याच्या काळ्या धातूवर चांदी जडवलेल्या हुक्क्याचा घंटेसारखा घाट बिदरीत रुळलेला आहे. तोच घाट भारतासाठी बनलेल्या इंग्रजी काचेत उतरला. यातल्या काही भांड्यांची कोरी काच इंग्लंडची आणि सोनेरी नक्षी भारतातली, असेही काही अभ्यासक मानतात.

कोणी म्हणेल, कापकाम तर बर्मिंगहॅमचेच. खरे आहे, सहाणेवरचा हात त्यांचा, ते श्रेय त्यांनाच. पण भांड्याचे अर्धे सौंदर्य घाटात असते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: या मालाने देशाचा पैसा बाहेर गेला. ही वेदना खोटी नव्हती. तिच्यातूनच 1908 मध्ये पैसाफंडाच्या वर्गणीवर तळेगाव दाभाडे इथे काचकारखाना निघाला आणि 1916 मध्ये ओगल्यांचा, ज्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी गेला. मात्र या मंडळींनी परावलंबन नाकारले, काच नाकारली नाही. भट्टी, फुंकनळी आणि ताव यांचे ज्ञान त्यांनी कष्टाने मिळवले. विलायती हंडीची कदर केल्याने त्यांचा मान तिळमात्र कमी होत नाही.

आता ‘बेल्जियम’चे. काही माल तिथला, काही बोहेमियाचाही आहे. पण नाव ठरवण्याआधी काच जड आहे का, कापाच्या कडा धारदार आहेत का, लोलकातून रंग किती फाकतात, हे पाहायला हवे. आणि ते ज्योतीच्या उजेडात पाहायला हवे. विजेचा दिवा स्थिर असतो; कापलेली काच हलत्या ज्योतीसाठी घडली आहे. दिव्याची तार घालण्यासाठी हंडीला भोक पाडलेले दिसते तेव्हा मला फार वाईट वाटते, कारण तिची मूळ ओळख तिथेच संपते. घरात अशी हंडी असेल तर तिला भोक पाडू नका. या दिवाळीत आतल्या पेल्यात पाणी, वर गोडेतेल आणि तरंगती वात ठेवा, आणि खोलीतला विजेचा दिवा तेवढा वेळ बंद करा.