सोबतची प्रत

‘लीळाचरित्र’ शिकवताना पाठभेदांसाठी मी दरवर्षी एक स्वतंत्र तास ठेवते. एकाच लीळेचे दोन पोथ्यांत दोन पाठ का आढळतात हे सांगताना लेखनिकाची नजरचूक, ऐकण्यातील गफलत, पदरची भर अशी कारणे फळ्यावर लिहिते. त्या यादीत एके दिवशी आपलेही नाव घालावे लागेल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

आमच्या विभागाचा अंतर्गत गुणांचा तक्ता इंटरनेटवर सामायिक ठेवलेला असतो. शिक्षक चौघे, तक्ता एकच. ज्याने त्याने आपापले रकाने भरायचे. परीक्षेच्या कामासाठी मला नांदेडला जायचे होते. कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा, अर्धापूर ही एसटीची नेहमीची वाट. प्रवासात रेंजचा भरवसा नाही, म्हणून निघण्यापूर्वी तक्ता लॅपटॉपवर उतरवून घेतला आणि बसमध्ये मांडीवर ठेवून उरलेले गुण भरले. रात्री मुक्कामी नेट मिळताच ती प्रत जुन्या तक्त्याच्या जागी चढवली आणि समाधानाने झोपले.

त्याच दुपारी एका सहकारी सरांनी मूळ तक्त्यात एक दुरुस्ती केली होती. एका विद्यार्थिनीच्या तोंडी परीक्षेपुढे चुकून ‘गैरहजर’ पडले होते. तिथे त्यांनी गुण नोंदवले होते. माझी प्रत सकाळची. तिला दुपारचे काय ठाऊक असणार! ती वर चढली आणि सरांची दुरुस्ती पुसली गेली. सूचनाफलकावर लागलेल्या यादीत ती मुलगी पुन्हा गैरहजर ठरली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने ती आली आणि विभागाच्या दाराशी उभी राहिली. “मॅडम, मी हजर होते. सरांनी मला मुक्ताबाईवर प्रश्न विचारला होता.” आवाज चढलेला नव्हता, पण डोळे भरले होते. मी तक्ता उघडून दाखवला. तक्त्यात ‘गैरहजर’ असेच होते. क्षणभर मी तिच्यापेक्षा तक्त्यावर विश्वास ठेवला, याची लाज अजून वाटते. सर आले, त्यांना प्रश्नही आठवला आणि तिचे उत्तरही. मग त्यांनी तक्त्याच्या जुन्या आवृत्त्या उघडल्या. आदल्या दिवशीच्या दुपारची आवृत्ती तिथे सुरक्षित होती. गुण परत मिळाले. ते विद्यापीठाकडे पाठवण्याची मुदत दुसऱ्याच दिवशी संपणार होती.

नंतर कळले, की प्रत उतरवून घेणे आणि तक्ता ‘ऑफलाइन उपलब्ध’ करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उतरवलेल्या प्रतीचा मूळ तक्त्याशी संबंध तुटतो. गुगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी ऑफलाइनची सोय नेट असतानाच चालू करून ठेवली, तर मुळाशी नाते टिकते. वाटेत केलेले बदल नेट आल्यावर इतरांच्या बदलांत मिसळतात. एकाच रकान्यात दोघांनी लिहिले, तर मात्र पेच उरतोच. तो यंत्राने नव्हे, माणसांनी बोलून सोडवायचा.

म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या सहवासातील माणसांना गाठून लीळा गोळा केल्या. मूळ पोथी आक्रमणाच्या धामधुमीत हरवली आणि ग्रंथ मुखोद्गत असलेल्या हिराइसेच्या स्मरणामुळे तो पुन्हा उभा राहू शकला, असे परंपरा सांगते. पुढे पाठ वाढले, आणि वि. भि. कोलते यांच्या १९७८च्या आवृत्तीपर्यंत ते जुळवण्यात अभ्यासकांची आयुष्ये खर्ची पडली.

आमच्याच जिल्ह्यातील नरसी हे नामदेवांचे गाव मानले जाते. त्यांची अभंगवाणी इकडे गाथेत राहिली. तिकडे १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात त्यांची ६१ पदे आली. दोन प्रांतांत दोन ठेवी वाढल्या आणि आपण दोन्हींनी श्रीमंत झालो. साहित्यात दोन पाठ असणे हे वैभव असू शकते. गुणांच्या तक्त्यात मात्र तो कुणावर तरी अन्याय असतो, आणि ज्याच्यावर तो होतो तो आपल्यासमोर बसलेला नसतो.

आता प्रवासाला निघताना मी तक्ता ऑफलाइन करून घेते. शिवाय विभागात सांगून जाते: “माझ्याजवळचा तक्ता सकाळी दहापर्यंतचा आहे. मधे काही बदललंत तर मला फोन करा.” सहकारी हसतात, पण फोन करतात. आणि पाठभेदांच्या तासाला फळ्यावरच्या कारणांत मी आणखी एक ओळ लिहिते: आपल्या हातातली प्रतच शेवटची, असा लेखनिकाचा समज.