अश्वाची रोजकीर्द

२०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघाने ड्रेसाजचे सुवर्णपदक मिळविले. त्यात मुंबईचे हृदय छेडाही होते. पदक हा ताळेबंदातील एक आकडा. रोजकीर्द तबेल्यात लिहिली जाते. पहाटे मोतद्दार खूर साफ करतो, खरारा करतो, पायांवरून हात फिरवून सूज चाचपतो. घोड्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरते. उपास घडला की व्रण होतात. म्हणून चंदी बेताची, वैरण मात्र दिवसभर. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अन्नपाननिरोध आहेच. पण पहिला आहे बंध. तासभर कसरत आणि उरलेला दिवस कोंडून ठेवणे, हे कोणत्या खात्यात मांडावे? जाणते मालक घोड्याला रोज कुरणात मोकळा सोडतात. पदकाचा घोडा लंगडेल या भीतीने काहीजण सोडतच नाहीत. रात्रीच्या शेवटच्या फेरीत मोतद्दार पाण्याची बादली पाहतो.