मौनातला नाद

या आश्रमशाळेतील दिवस आठवताना आम्हां माजी विद्यार्थ्यांना राष्ट्रीय छात्र सेनेचे शिबिर हटकून आठवते. बालाघाटच्या पायथ्याशी ओळीने पालथे पडून आम्ही पॉइंट टू-टू रायफल चालवीत असू. शेजाऱ्याच्या गोळीचा आवाज थेट कानात शिरे. कानांत बोळे घालणे आम्हांस भित्रेपणाचे वाटे. रात्री वसतिगृहात कान वाजत; ‘उद्या थांबेल’ म्हणून आम्ही हसत असू.

आमच्यापैकी काहींचे ते थांबलेच नाही. रायफलीचा आवाज १४० डेसिबलांच्या घरात जातो. आंतरकर्णातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कापसाच्या बोळ्याने त्या वाचत नाहीत. आता नातवंड कानाशी कुजबुजते, ते उमगत नाही. विहारात सारे मौन धरून बसतात, तेव्हा आम्हांस मात्र ती बारीक शिट्टी ऐकू येत राहते.

बालमित्रांनो, शौर्य नेमात असते, उघड्या कानांत नव्हे. इयरप्लग व इयरमफ मिळाल्यावाचून नेमबाजीस जाऊ नका. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपासूनही दूर राहा. या शाळेने आम्हांस दिलेली शांतता आमच्या हातून निसटली. तुम्ही ती जपावी, एवढीच मंगलकामना.