इंजिन काढलेले इंजिन

गेल्या वर्षी अमेरिकेला निघण्याच्या आदल्या रात्री चिरंजीवांशी माझा वाद झाला. विषय जुनाच होता. आमच्या बार्शीच्या डाळ मिलमधील यंत्रे माझ्या वडिलांच्या काळातली. “अण्णा, ही आता बदलू या,” असे तो तीन वर्षे म्हणत होता आणि “चालते आहे ते मोडू नये,” असे मी तीन वर्षे उत्तर देत होतो. चेकवर सही माझी, त्यामुळे वादाचा निकालही ठरलेलाच असे.

कन्या शिकागोच्या पश्चिमेकडील उपनगरात राहते. तेथे मेट्रा नावाची लोकल सेवा आहे. सकाळी जावईबापूंना सोडायला मी स्टेशनपर्यंत जाई आणि दुमजली डब्यांची ती गाडी पाहत उभा राही. एक मार्ग विजेचा. बाकी सर्व गाड्या डिझेलवर. मुंबईची लोकल पाहिलेल्या मला याचे नवल वाटले. इंजिनांचे वय कळले तेव्हा तर अधिकच वाटले.

त्यांतील पुष्कळ इंजिने ‘एफ-40’ जातीची. अ‍ॅमट्रॅक या राष्ट्रीय प्रवासी रेल्वेसाठी हे इंजिन 1976 साली प्रथम तयार झाले, तेही शिकागोलगतच्याच कारखान्यात. सोळा सिलिंडर, तीन हजार अश्वशक्ती. मूळ रचनेत डब्यांतील दिवे आणि उष्णता यांची वीजही त्याच इंजिनातून घेत. त्यासाठी ते मिनिटाला 893 फेऱ्यांनी सतत फिरते ठेवावे लागे. म्हणून गाडी फलाटावर उभी असली तरी इंजिन मात्र भरधाव असल्यासारखे गर्जत असे.

इतकी वर्षे ती चालतात कशी? ठरावीक काळाने त्यांची पुनर्बांधणी होते. इंजिन सांगाड्यापर्यंत उकलतात. सिलिंडरचे संच, तारा, नियंत्रणाची साधने नवी घालतात. भक्कम पोलादी सांगाडा तेवढा जुना राहतो. शिवाय 2019 साली मेट्राने 15 इंजिनांची मागणी नोंदवली, तीही कोरी नव्हेत. मालगाड्या ओढून झालेली 1990च्या दशकातील इंजिने प्रवासी गाडीसाठी नव्याने घडवून घ्यायची होती. हिशेब सरळ आहे. मालवाहू कंपन्या इंजिने शेकड्यांनी घेतात. लोकल सेवा थोडी घेते, म्हणून कोरे प्रवासी इंजिन महाग पडते. तिकिटाच्या पैशांतून खर्चही भागत नाही. आपल्या व्यापारी मनाला हे तत्काळ पटते.

मी त्याच संध्याकाळी घरी फोन लावला. “बघ, अमेरिकेतसुद्धा चाळीस वर्षांची इंजिने चालवतात!” पलीकडे चिरंजीव क्षणभर थांबला आणि शांतपणे म्हणाला, “अण्णा, त्यांनी आतले सगळे बदलले. आपण पंधरा वर्षांत फक्त पट्टे बदलले.”

मी फोन ठेवला. पुढे दोन दिवस त्या गाडीकडे बघावेसे वाटेना.

रविवारी कन्येने आम्हाला मिलवॉकीला नेले. शिकागोहून सुमारे दीड तासाचा हा प्रवास हियावाथा नावाच्या गाडीने होतो. गाडीला एका टोकाला नवे इंजिन होते आणि दुसऱ्या टोकालाही इंजिनच दिसले. पण त्याच्या कुशीला गोदामासारखे वर सरकणारे दार. जावईबापूंनी उलगडा केला. ते जुने एफ-40च; मात्र त्यातील डिझेल यंत्र, जनित्र, चाकांच्या मोटारी, सारे काढून टाकले आहे. पोटात आता सामान ठेवतात. चालकाची खोली मात्र शाबूत आहे. परतीच्या वेळी मागचे नवे इंजिन ढकलते आणि चालक या जुन्या खोलीत बसून, पुढचा मार्ग पाहत, त्याला हुकूम देतो. त्यामुळे शेवटच्या स्टेशनात इंजिन फिरवून जोडावे लागत नाही. चालकाची खोली म्हणजे कॅब आणि सामान म्हणजे बॅगेज, यांची मोट बांधून रेल्वेतली माणसे त्याला गमतीने ‘कॅबेज’ म्हणतात. नातीला ते कोबीचे नाव फार आवडले. मी मात्र हसू शकलो नाही. ज्याच्यात आता ताकद नाही, त्याने वाट पाहावी आणि ताकद दुसऱ्याची असू द्यावी, ही व्यवस्था मला फार ओळखीची वाटली. आमच्या पेढीवर मी नेमके उलट करत होतो. ढकलत होता तो. पण ब्रेकवर हात माझा.

आणखी एक गोष्ट मनातून जाईना. जुन्या डिझेलचा धूर. 2015पासून अमेरिकेत नव्या इंजिनांना धुराचे नियम फार कडक आहेत. जुन्यांना पुनर्बांधणीच्या वेळी त्यामानाने सौम्य नियम लागतात. म्हणजे जुने यंत्र स्वस्त पडते ते खरे, पण त्याच्या किमतीचा काही भाग रुळांलगत राहणाऱ्यांच्या छातीत जमा होतो. तो कोणत्याही खातेवहीत दिसत नाही.

आमच्या यंत्रांची किंमत वहीत घसारा होत होत केव्हाच शून्य झाली होती. मी त्याला नफा समजत होतो. पण भरडणीपाशी वीस वर्षे उभा असलेला आमचा जुना कामगार गेली काही वर्षे खोकत होता. सारा भुसकट-धुरळा त्याच्या तोंडावर येई. मी त्याला गूळ दिला, सुट्टी दिली, डॉक्टरांचे पैसे दिले; पंखा मात्र बसवला नाही.

परतल्यावर दिवाळीच्या वहीपूजनाच्या दिवशी बँकेचे कागद मी चिरंजीवांपुढे ठेवले. सहीचा अधिकार त्याच्या नावे केला. त्यानेही सगळे भंगारात काढले नाही. मिलची लोखंडी चौकट भक्कम निघाली. ती ठेवून आतले रोलर, मोटार, चाळण्या नव्या घातल्या. धुरळा ओढून घेणारा पंखा सर्वांत आधी बसवला. मी सकाळी बाजार समितीत लिलावाला जातो, तूर मुठीत घेऊन ओल पाहतो आणि काय दिसले ते त्याला फोनवर सांगतो. घ्यायचे की नाही, ते तो ठरवतो.

जुन्या कामगाराला आता पोती मोजण्याचे काम दिले आहे. मिलमध्ये हवा स्वच्छ आहे. त्याचा खोकला मात्र अजून गेलेला नाही. त्या तीन वर्षांचा हिशेब माझ्याच नावावर आहे.