वळायला जागा

डावं चाक खाली गेलं तेव्हा आवाज काहीच झाला नाही. आरशात पाहिलं तर ट्रेलरचं छप्पर कालव्याच्या बाजूला कललेलं. मी ब्रेक दाबून तसाच बसलो. बायको शेजारून एवढंच म्हणाली, "अहो, आता पुढं नको."

तंजावरजवळच्या ओरत्तनाडच्या अलीकडे, कल्लणै कालव्याच्या एका फाट्याचा तो बांध. फेब्रुवारीचा पहिला आठवडा. एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला दहा फूट खाली कापणी झालेली भातखाचरं. बांध नऊ फूट रुंद, माझा ट्रेलर साडेपाच. कागदावर जागा भरपूर होती. पण बांधाची कड हिरवी दिसते म्हणून ती टणक असते असं नाही, आणि आदल्या रात्री अवकाळी सर पडून गेली होती.

मी कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ट्रेलर बनवतो. आधी उसाच्या ट्रॉल्या, गेली काही वर्षं लहान कॅम्पर ट्रेलरही: आत दोन माणसांचं अंथरूण, मागं उघडणारा ओटा, शेगडी, पाण्याची टाकी, छपरावर सोलरचं एक पान. बोलेरोमागे जोडायचा आणि निघायचं. ट्रेलरची नोंदणी वेगळी, नंबरप्लेट वेगळी, विमा वेगळा. ही कागदपत्रं पुरी नसतील तर मी गिऱ्हाइकाला ट्रेलर वर्कशॉपच्या दारातून बाहेर नेऊ देत नाही.

हे काम मी शाळेत शिकलो नाही. आमचे आबा, म्हणजे चुलते, साखर कारखान्याला ऊस ओढत. गव्हाणीसमोरच्या रांगेत ट्रॉली मागे घेताना त्यांचा उजवा हात स्टिअरिंगच्या तळाशी असायचा. हात जिकडे जाईल तिकडे ट्रॉलीचं बूड जातं, असं ते सांगत. हात वर ठेवला की डोकं उलटा हिशेब मांडत बसतं, आणि तेवढ्यात ट्रॉली काटकोनात मुडपते. वजनाचं शिक्षणही त्यांचंच. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलाच्या गळ्याला जोत्याचा फास बसतो. पुढं जास्त झाला की बैलाचा खांदा सुजतो. मोटारीमागच्या ट्रेलरचं गणित अगदी हेच आहे. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा गाडीच्या हुकावर टेकला पाहिजे. माझा ट्रेलर भरून ६८० किलो होतो, म्हणजे हुकावर सत्तर किलोच्या आसपास. घरातला वजनकाटा लाकडी ठोकळ्यावर ठेवून कपलरखाली सरकवला की आकडा समोर येतो. तो पन्नासच्या खाली उतरला तर ट्रेलर उलाळ आहे. महामार्गावर ऐंशीच्या वेगाला मागचं बूड डोलायला लागतं, आणि एकदा लागलं की वाढतच जातं. अशा वेळी ब्रेक दाबणारा माणूस गाडी आडवी करतो. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, वेग आपोआप उतरू द्यायचा. पण मुळात हे निस्तरायची वेळ घरच्या अंगणातच टळायला हवी.

तंजावरला जायचं माझ्या डोक्यात फार दिवस होतं. १६७० च्या दशकात व्यंकोजीराजांनी तिथं भोसल्यांचं राज्य उभं केलं आणि ते १८५५ पर्यंत टिकलं, एवढं आपण शाळेत वाचतो. बृहदीश्वराच्या देवळात १८०३ साली मराठीत कोरलेला भोसल्यांचा इतिहास भिंतभर पसरलेला आहे, तो पाहायला लोक जातात. मला ओढ होती ती दुसऱ्या सर्फोजीराजांच्या प्रवासांची. १८२० ते १८२२ या काळात हा राजा काशीयात्रेला गेला, सोबत सुमारे ३००० माणसं. माझ्यासारख्याला हा आकडा वाचून आधी पाणी आठवतं. इतक्या माणसांना आणि जनावरांना रोज पाणी, रोज चारा, रोज मुक्कामाला कोरडी उंच जागा. आणि ही जागा आदल्या दिवशी कुणीतरी पुढं जाऊन पाहिलेली असल्याशिवाय असा तांडा हलूच शकत नाही. पुढं जाऊन पाहून येणाऱ्या त्या माणसांची नावं मला कुठं सापडली नाहीत.

आम्ही दोघंच होतो, पण हिशेब तोच. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज पाच लिटर, वर हात-तोंड धुवायला तेवढंच. तीन दिवसांचं साठ लिटर, म्हणजे साठ किलो. ही टाकी ॲक्सलच्या अगदी वर आणि जमेल तेवढी खाली बसवायची. टाकी मागं असली तर पाणी संपत जाताना हुकावरचा भार रोज बदलतो. टायर आणि नट-बोल्टची मापं गाडीची आणि ट्रेलरची एकच ठेवली, म्हणजे दोन स्टेपनी दोघांनाही चालतात. चाकांच्या बेअरिंगचा एक जादा जोड, ग्रीसचा डबा, कॉटर पिना. दर दीडशे किलोमीटरवर उतरून हबला हात लावायचा. कोमट असला तर ठीक, हात ठेववत नसेल तर तिथंच थांबायचं. तापलेला हब गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. म्हणून पाण्यातून जायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं थांबण्यात काहीही कमीपणा नाही.

कोल्हापूर ते तंजावर सुमारे हजार किलोमीटर, बंगळूर, सेलम, त्रिचीवरून. चार दिवसांत गेलो. हा रस्ता उत्तम आहे, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात शिरलं की मात्र सगळी समज नव्यानं शिकावी लागते. आपल्याकडे आडवाट म्हणजे घाट, खडक, चढ. इथं चढच नाही. कावेरी, वेण्णार, कुडमुरुट्टी, वेट्टार, अरसलार, नदीला फुटलेली नदी, कालव्याला फुटलेला कालवा, आणि त्या सगळ्यांच्या बांधांवरून गावचे रस्ते. माती चिकण. वाळूत टायरची हवा ३६ वरून २२ वर आणली की चाक पसरून तरंगतं. ओल्या चिकणीत त्याचा उपयोग फार थोडा, कारण टायरच्या खाचा भरल्या की तो गुळगुळीत लाटण्यासारखा फिरतो. इथलं वेळापत्रक पाण्याचं आहे. मेट्टूर धरणाचं पाणी रिवाजानं १२ जूनला सुटतं आणि २८ जानेवारीला बंद होतं. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस. २०१८ च्या नोव्हेंबरात गज चक्रीवादळानं याच पट्ट्यातल्या नारळाच्या बागा झोपवल्या. म्हणून बाहेरून येणाऱ्यानं फेब्रुवारी-मार्च धरावा. पण तेव्हा सांबा भाताची कापणी संपत आलेली असते आणि पेंढा रस्त्यावर वाळत घातलेला असतो. त्यावरून जाताना तो ॲक्सलला गुंडाळतो, सायलेन्सरजवळ साचतो, आणि वाळलेला पेंढा पेटायला फार वेळ लागत नाही. अग्निशामक नळकांडं ड्रायव्हरच्या हाताशी हवं, ट्रेलरच्या पोटात नव्हे. आम्ही दर गावाबाहेर थांबून चाकांमधला पेंढा हातानं उपसत होतो.

इतकी सगळी तयारी, आणि त्या बांधावर मी साधी गोष्ट केली नाही. उतरून चालत गेलो नाही. मोबाइलच्या नकाशात रस्ता पुढं गावाला मिळत होता. प्रत्यक्षात सहाशे पावलांवर मोरी खचलेली होती. खाचरातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं हात हलवून "पोगादींग" म्हणून ओरडूनही सांगितलं होतं. जाऊ नका, एवढं तमिळ मला येत होतं. मी त्याला हात करून पुढं निघालो. त्या माणसाची मी नंतर हात जोडून क्षमा मागितली, कारण त्या बांधावरचा सगळ्यात जाणता नकाशा तोच होता.

बाहेर काढायला तो म्हातारा आणि त्याचा ट्रॅक्टरवाला नातू दोघंही आले. आम्ही आधी टाकीतलं पाणी सोडून दिलं, जड सामान उतरवलं. बसलेल्या चाकामागची माती फावड्यानं उतरती कापली. माझ्याकडे दोन फळ्या होत्या. आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं, नातवाला काहीतरी सांगितलं, आणि तो नारळाच्या झावळ्या आणि पेंढ्याच्या पेंड्या घेऊन आला. खाली झावळ्या आडव्या, वर पेंढा, त्यावर फळ्या. चिकणीत फळी एकटी घसरते, झावळी तिला धरून ठेवते. हे मला ठाऊक नव्हतं. आता मी माझ्या गिऱ्हाइकांना शिकवतो.

नातू दोर घेऊन सरळ हुकाच्या गोळ्याला बांधायला गेला. तिथं मी त्याचा हात धरला. "तंबी, इथं नाही." ट्रेलर जोडायचा तो गोळा ओढकामासाठी नसतो. ताणाखाली तुटला तर तो दोराबरोबर तोफगोळ्यासारखा सुटतो, आणि अशानं माणसं दगावली आहेत. दोर चासीला वेल्ड केलेल्या कडीलाच बांधायचा. दोराच्या मध्यावर ओलं गोणपाट टाकायचं, म्हणजे तुटलाच तर फटका जमिनीवर बसतो. बघणाऱ्यांनी दोराच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर उभं राहायचं. जमलेल्या पोरांना लांब करायला बायकोनं गावकीच्या आवाजात हाकारे केले. भाषा मराठी होती, पण पोरं सरकली.

ट्रॅक्टरनं मागून संथ ओढलं आणि चाक वर आलं. मग सहाशे पावलं उलटं. वळायला जागा कुठंच नव्हती. बायको मागं काठी घेऊन कडेपासून दोन हात आत चालत होती. तिची काठी मला आरशात दिसेनाशी झाली की मी थांबायचो, हा आमचा नियम. उजवा हात स्टिअरिंगच्या तळाशी. पाऊण तास लागला. आबा जाऊन अकरा वर्षं झाली, पण त्या पाऊण तासात ते माझ्या शेजारीच होते असं मी मानतो.

दुसऱ्या दिवशी ओरत्तनाडला मुक्तांबाळ छत्र पाहिलं. सर्फोजीराजांनी १८०२ साली बांधलेलं अन्नछत्र. त्याच्या जोत्यावर चाकं कोरली आहेत, घोडे आणि हत्ती ओढताहेत असं दाखवलं आहे. सगळी वास्तू रथासारखी. मी त्या दगडी चाकांपुढं बराच वेळ बसलो. आयुष्यभर चाकांवर घर चढवण्याचं काम केलेल्या माणसाला, घराखाली चाकं कोरणारा गवंडी दोनशे वर्षांपूर्वी इथं होता, हे कळून काय वाटलं ते सांगता यायचं नाही.

तंजावरहून रामेश्वरच्या वाटेवर अशी छत्रं टप्प्याटप्प्यानं होती: ओरत्तनाड, राजामडम, मीमिसल. १७९९ च्या तहानं राज्याचा कारभार कंपनीकडे गेला, तेव्हा राजानं १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून ही छत्रं मोडू नका म्हणून विनवलं. त्या पत्रात छत्रांच्या रिवाजाचं वर्णन आहे: सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न, तान्ह्यांना दूध, आजाऱ्यांना वैद्य, बाळंतिणींची माहेरासारखी देखभाल, आणि मध्यरात्रीच्या सुमाराला घंटा वाजवायची, का तर काही कारणानं कुणी उपाशी राहिला असेल तर त्यानं येऊन जेवावं. वाटेत चिखलात रुतून उशिरा पोचणारा माणूस त्यांनी आधीच हिशेबात धरला होता. माझ्या सगळ्या यादीत अशी एकही ओळ नव्हती. पाणी, बेअरिंग, दोर, सगळं होतं. अंधार पडायच्या आधी आपण पोचलो नाही तर कुठं थांबायचं, हे मी कुठंच लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या वहीत रोजच्या मजलीसमोर दोन जागा असतात: पोचायची एक, आणि त्याच्या अलीकडची, न पोचल्यास थांबायची.

पट्टुक्कोट्टैवरून खाली समुद्रावर, मल्लिपट्टणमजवळ सर्फोजीराजांनी १८१४-१५ मध्ये बांधवलेला मनोरा आहे, नेपोलियनवरच्या इंग्रजांच्या विजयाच्या स्मरणार्थ. तो पाहून गावातल्या एका नारळबागेत, मालकाला विचारून, मुक्काम केला. खारा चिखल लागला होता म्हणून आधी गोड्या पाण्यानं ब्रेक आणि पाटे धुतले. हे सकाळवर ढकललं की रात्रीतच गंज धरतो. शेगडी बाहेरच पेटवली, ट्रेलरच्या आत कधीही नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, पुष्कळदा त्याला कळतही नाही. म्हणून अंथरूण वर, आणि रात्री बाहेर पाय टाकताना बॅटरी आणि बूट. दंश झालाच तर चीर देणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही नाही. अवयव हलवायचा नाही आणि १०८ ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय. सापाच्या विषावरचं प्रतिविष कुठं मिळेल ते तंजावरहून निघतानाच विचारून ठेवलं होतं.

पहाटे बागमालक आला आणि पुढच्या वाटेबद्दल सांगू लागला. मी वही काढली. मग बायकोनं काठी घेतली, मी फावडं घेतलं, आणि ट्रेलर तिथंच ठेवून आम्ही दोघं बांधावर चालत निघालो. चारशे बारा पावलांवर डाव्या हाताला खळ्याची मोकळी जागा होती, टाच मारून पाहिली तर टणक. तिथं तिनं काठीला पांढरं फडकं बांधून ती रोवली, आणि आम्ही गाडी आणायला मागं फिरलो.